किरणोत्सर्ग, कामगार आणि वैद्य : गडब परिसराच्या निमित्ताने

आयुर्वेदात व्याधीच्या विचाराचा प्रारंभ हेतूपासून होतो. निदानपंचकात हेतूला पहिले स्थान आहे आणि चिकित्सेच्या सूत्रातही निदानपरिवर्जन हेच प्रथम सांगितले आहे. रुग्णपरीक्षेसाठी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध साधने आपल्या हाती आहेत. बहुतेक व्याधींत ही तिन्ही साधने परस्परांना पूरक ठरतात. तथापि आजच्या औद्योगिक जीवनात असा एक हेतू आहे, की ज्याच्यापुढे दर्शन आणि स्पर्शन ही दोन्ही साधने निष्प्रभ होतात. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला गंध नाही, चव नाही, उष्णता नाही. शरीरावर त्याचा आघात होत असताना वेदनाही होत नाही. त्याचा शोध केवळ प्रश्नानेच लागू शकतो. हा हेतू म्हणजे किरणोत्सर्ग होय.

हा विषय अणुशास्त्रज्ञांचा आहे, आपल्याशी त्याचा काय संबंध, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखासाठी आम्ही मुद्दाम एका परिचित गावाचे निमित्त घेतले आहे.

गडब आणि भोवतालचा औद्योगिक पट्टा

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान वसलेले आहे. खारजमिनीतील भातशेती आणि धरमतरच्या खाडीचे सान्निध्य ही या भागाची जुनी ओळख. गेल्या तीन-चार दशकांत तिच्यात मोठी भर पडली. गडबच्या शेजारी डोलवी येथे प्रचंड पोलाद प्रकल्प उभा राहिला. दक्षिणेस नागोठणे येथे पेट्रोरसायन संकुल आले. त्यापुढे रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. गावातील तरुण पिढीचा मोठा भाग आज कायम कामगार, कंत्राटी कामगार, वेल्डर, फिटर, पहाड बांधणारा, भंगार वेचणारा किंवा वाहनचालक म्हणून या पट्ट्याशी जोडलेला आहे.

या कामगारास त्रास झाला, तर तो प्रथम कोठे जातो? कायम कामगारास कारखान्याचे वैद्यकीय केंद्र असते. कंत्राटी कामगार मात्र काम संपल्यावर घरी येतो आणि गावातील किंवा नाक्यावरील वैद्याचा दवाखाना गाठतो. कारखाना, कंत्राटदार आणि कामाची जागा या तिन्ही गोष्टी तोवर मागे पडलेल्या असतात. समोर असते ते केवळ बोटावरचे न भरणारे क्षत, किंवा उलट्या आणि थकवा. अशा वेळी योग्य प्रश्न विचारला गेला नाही, तर हेतू कायमचा अज्ञात राहण्याचा संभव असतो.

औद्योगिक क्षेत्रात किरणोत्सर्ग कोठे आढळतो?

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की किरणोत्सर्गी साधनांचा वापर हा काही गैरप्रकार नव्हे. उद्योगांच्या सुरक्षिततेसाठीच तो मोठ्या प्रमाणावर केला जातो. त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

१) औद्योगिक रेडिओग्राफी : वायुवाहिन्या, बाष्पपात्रे आणि दाबपात्रे यांचे वेल्डिंग आतून निर्दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी सांध्याच्या एका बाजूस किरणोत्सर्गी स्रोत आणि दुसऱ्या बाजूस फिल्म ठेवून छायाचित्र घेतात. कामगारांच्या बोलीत यास ‘आरटी’ किंवा नुसते ‘एक्स-रेचे काम’ म्हणतात. यासाठी बहुधा इरिडियम-१९२ वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवसांचा असतो. जाड धातूसाठी कोबाल्ट-६० वापरतात. स्रोत एरवी जड धातूच्या पेटीत बंद असतो. या पेटीस ‘कॅमेरा’ म्हणतात. लांब केबलच्या साहाय्याने स्रोत नळीतून बाहेर ढकलला जातो आणि काम झाल्यावर परत पेटीत ओढला जातो. इतर कामगार दूर असावेत म्हणून हे काम बहुधा रात्री चालते.

२) न्यूक्लिऑनिक गेज : बंद टाकीत द्रव किती उंचीवर आहे, साच्यात वितळलेले पोलाद किती भरले आहे, पट्ट्यावरून किती माल जात आहे, हे मोजण्यासाठी पात्राच्या बाहेर सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० यांचा स्रोत बसवतात. सीझियमचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा आणि कोबाल्टचा सव्वापाच वर्षांचा असतो. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात, म्हणजे ‘शटडाऊन’ घेतात, तेव्हा पात्रात माणूस उतरण्यापूर्वी या स्रोताचे झाकण लावून त्यास कुलूप घालणे अत्यावश्यक असते.

३) भंगार : वापरातून गेलेला आणि नोंदीतून सुटलेला स्रोत भंगारात शिरला, तर तो भट्टीपर्यंत पोहोचू शकतो. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

४) वैद्यकीय एक्स-रे : रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र. वीज बंद होताच यातील किरण थांबतात. किरणोत्सर्गी स्रोतास मात्र असे बटण नसते. तो अहोरात्र किरण सोडतच राहतो आणि त्याचा धोका केवळ आवरणामुळे आटोक्यात असतो. हा भेद वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा.

हेतूचे बल : मात्रा, काल आणि अंतर

विषाचा विचार आपण मात्रेवाचून करत नाही. किरणोत्सर्गासही तोच न्याय लागू आहे. निसर्गातून, म्हणजे भूमी, आकाश, अन्न आणि श्वासातील हवा यांतून, प्रत्येक मनुष्यास जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतच असतो. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. सर्वसामान्य जनतेसाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

आता रेडिओग्राफीत वापरल्या जाणाऱ्या ५० क्युरी क्षमतेच्या इरिडियम स्रोताचा हिशेब पाहू. हा स्रोत आवरणाबाहेर असताना त्याच्यापासून एक मीटर अंतरावर ताशी सुमारे २४० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. म्हणजे प्रशिक्षित कर्मचाऱ्याची संपूर्ण वर्षाची सरासरी मर्यादा तेथे सुमारे पाच मिनिटांत संपते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते आणि दहापट केले की शंभरावा भाग उरतो. हाच नियम उलट दिशेने मात्र भयावह ठरतो. एका सेंटिमीटरवर तीच मात्रा दहा हजारपट होते, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० ग्रे. बोटाच्या टोकाएवढी धातूची ही कांडी कोणी कुतूहलाने उचलली, तर हाताच्या त्वचेचा नाश होण्यास मोजकी सेकंदे पुरेशी असतात. त्या क्षणी त्यास काहीही जाणवत नाही.

रायगडमधील धडा आणि अन्य घटना

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने एक घटना जाहीर केली. उद्वाहनाची, म्हणजे लिफ्टची, बटणे तयार करणाऱ्या तेथील एका कारखान्यात भारतातून आलेल्या पोलादी भागांत कोबाल्ट-६० आढळले होते. तेथील सुमारे २० कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळाल्याचे अनुमान काढण्यात आले. माग काढता काढता हे पोलाद आपल्या रायगड जिल्ह्यातील खोपोली येथील एका ओतशाळेपर्यंत येऊन पोहोचले. कोबाल्टचा स्रोत भंगारासोबत भट्टीत वितळला आणि त्याचे कण पोलादात एकजीव झाले, असा याचा अर्थ. पेण–खोपोली रस्ता आपल्या नित्य परिचयाचा आहे. त्या रस्त्याच्या टोकाशी वितळलेले पोलाद समुद्रापार गेले आणि तेथील मापकाने ते पकडले. भट्टीच्या तोंडाशी मापक असते, तर ते तेथेच अडले असते. या घटनेनंतर बंदरांत आणि पोलाद कारखान्यांत भंगाराच्या किरणोत्सर्ग-तपासणीची निकड सर्वांना पटू लागली.

दुसरी घटना दिल्लीतील मायापुरी या भंगार बाजाराची आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ च्या सुमारास घेतलेले आणि १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा यंत्र २०१० च्या प्रारंभी लिलावात विकले गेले. भंगार कामगारांनी ते तोडले आणि आतील कोबाल्ट-६० च्या कांड्या उघड्या पडल्या. एप्रिल २०१० मध्ये अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्वचा काळवंडणे, केस गळणे, रक्तपेशी घटणे या लक्षणांवरूनच प्रथम संशय आला होता.

मुंबईत विक्रोळी येथे १९८२ साली वाहतुकीत हरवलेला इरिडियमचा स्रोत एका रेल्वे कामगाराच्या हाती लागला आणि त्याच्या जांघेच्या भागास तीव्र इजा झाली. पेरू देशात यानांगो येथे फेब्रुवारी १९९९ मध्ये जलविद्युत केंद्रावरील एका वेल्डरने खाली पडलेला असाच स्रोत उचलून विजारीच्या मागच्या खिशात ठेवला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. ब्राझीलमधील गोयानिया येथे सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातील सीझियमचा स्रोत भंगारात फुटला आणि त्यात चार जणांचा मृत्यू झाला. तेथील आरंभीच्या काही रुग्णांवर उष्ण प्रदेशातील साथरोग समजून उपचार चालले होते. खरा हेतू कळेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला आणि तोवर बाधा घरोघर पसरली होती.

या सर्व घटनांत एक सूत्र समान दिसते. बाधित व्यक्ती बहुधा अणुशास्त्राशी संबंध नसलेली, साधी श्रमिक माणसे होती. त्यांच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला नव्हता. ज्याच्या छातीवर बिल्ला नाही, त्याची मात्रा कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. ती उमटते ती त्याच्या शरीरावर, आणि ते शरीर प्रथम एखाद्या सामान्य चिकित्सकासमोर येते.

पूर्वरूप आणि रूप

सुश्रुतसंहितेत अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले आहेत. या सर्वांत दाह आणि वेदना तत्काळ उत्पन्न होतात व रुग्णास हेतू ठाऊक असतो. किरणोत्सर्गजन्य दग्ध याहून सर्वस्वी भिन्न आहे. त्याचा क्रम असा :

प्रथम काही तासांत त्वचेवर क्षणिक लालिमा येते आणि ती मावळते. कित्येकदा ती लक्षातही येत नाही. त्यानंतर सुप्तावस्थेचा काळ जातो आणि रुग्ण निश्चिंत असतो. सुमारे ३ ग्रे मात्रा त्वचेस मिळाली असल्यास दोन ते तीन आठवड्यांनी त्या जागी पुन्हा लालिमा येते आणि केस गळतात. ८ ते १२ ग्रे मात्रेत चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्वचा कोरडी होऊन सोलते. १५ ते २० ग्रे मात्रेत स्राव, फोड आणि तीव्र वेदना उत्पन्न होतात. त्याहून अधिक मात्रेत व्रण आणि धातुनाश होतो. मात्रा जितकी अधिक, तितकी लक्षणे लवकर. असा व्रण वरवर भरल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी पुन्हा फुटतो, कारण खालील सूक्ष्म रक्तवाहिन्या नष्ट झालेल्या असतात.

रुग्णास दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रात्रीचे स्मरण राहत नाही. मग अशा व्रणाचा विसर्प, विचर्चिका, रासायनिक द्रव्याने पोळणे किंवा कीटकदंश असा अर्थ लावला जाण्याची शक्यता मोठी असते.

सर्व शरीरास एकाच वेळी सुमारे १ ग्रेहून अधिक मात्रा मिळाल्यास सार्वदैहिक लक्षणे दिसतात. हृल्लास, छर्दी, अरुची, ग्लानी ही पहिली लक्षणे होत. छर्दी किती काळाने सुरू झाली, यावरून मात्रेचा स्थूल अंदाज येतो. दोन तासांनंतर झाल्यास मात्रा तुलनेने कमी असते, एका तासाच्या आत झाल्यास ती गंभीर समजावी. एक-दोन दिवसांत ही लक्षणे शमतात आणि रुग्ण बरा झाल्यासारखा वाटतो. रक्तात मात्र पहिल्या २४ ते ४८ तासांतच लिम्फोसाइट पेशींची संख्या घसरू लागते. दोन ते चार आठवड्यांत अन्य श्वेतपेशी आणि प्लेटलेटही घटतात. मग ज्वर, मुखपाक, हिरड्यांतून रक्त, त्वचेवर रक्ताचे ठिपके अशी लक्षणे प्रकट होतात. पहिल्या छर्दीस अजीर्ण समजून औषध दिले आणि रुग्ण दोन दिवसांत ‘बरा’ झाला, तर चिकित्सकाची फसगत येथेच होते.

अल्प मात्रा दीर्घकाळ मिळण्याचा प्रश्न निराळा आहे. तीत तत्काळ लक्षणे दिसत नाहीत. मात्रेनुसार पुढील आयुष्यात कर्करोगाची संभाव्यता काही अंशी वाढते, तसेच नेत्रमण्यावर परिणाम होऊन मोतिबिंदू होऊ शकतो. एकूण १०० मिलिसिव्हर्टहून कमी मात्रेत ही वाढ इतकी लहान असते, की ती मोठ्या अभ्यासांतही स्पष्ट वेगळी दाखवणे कठीण जाते. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या थकव्याचे किंवा केस गळण्याचे खापर किरणोत्सर्गावर फोडणे हेही शास्त्रास धरून होणार नाही.

प्रश्नपरीक्षा

या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढेच लिहून थांबू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. हात, मांडी, जांघ किंवा छातीवर कारण न सापडणारे क्षत असेल, अथवा कारण न सापडणारी छर्दी आणि रक्तपेशींची घट असेल, तर रुग्णास समजेल अशा भाषेत पुढील प्रश्न विचारावेत :

१) दादा, गेल्या महिना-दोन महिन्यांत कोणत्या साइटवर, कोणत्या कामावर होता?
२) तेथे रात्री आरटीचे किंवा एक्स-रेचे काम चालू होते का? दोरी बांधून, लाल दिवा लावून जागा अडवली होती का? त्या दोरीच्या आत जाणे झाले का?
३) कोठे चकचकीत धातूची लहान कांडी, साखळीसारखा तुकडा किंवा नेहमीपेक्षा फार जड असा डबा सापडला का? हाती घेतला का? खिशात ठेवला का? घरी आणला का?
४) पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखे काळे चिन्ह कोठे दिसले होते का?
५) शटडाऊनमध्ये टाकीत उतरला होता का?
६) सोबतच्या आणखी कोणास असाच त्रास होत आहे का?

हे प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. सहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर एका रुग्णाच्या निमित्ताने अनेकांचे प्राण वाचू शकतात, कारण तो स्रोत त्या क्षणीही कोणाच्या तरी घरात किंवा खिशात असू शकतो.

संशय आल्यास काय करावे, काय करू नये

संशय आल्यास त्याच दिवशी रक्ताची संपूर्ण पेशीगणना करून घ्यावी. शक्य तितक्या लवकर रुग्णास पेणचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय येथे पाठवावे आणि सोबतच्या पत्रात किरणोत्सर्गाचा संशय स्पष्ट शब्दांत लिहावा. पेशीगणना काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावी लागते, एका अहवालावर विसंबता येत नाही. क्षताचे दिनांकासह छायाचित्र घ्यावे. छर्दीचा आरंभ, कामाची जागा आणि तारीख यांची नोंद करावी. रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीवरून मिळालेल्या मात्रेचे अनुमान करण्याची सोय भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. घटनेची माहिती अणुशक्तीनगर, मुंबई येथील अणुऊर्जा नियामक मंडळास आणि स्थानिक पोलिसांस द्यावी.

या नोंदींचे महत्त्व चिकित्सेपुरते नाही. किरणोत्सर्गजन्य विकारांस व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्यात स्थान होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टातही त्यांचा समावेश होता. कंत्राटी कामगारास भरपाई मिळवायची झाल्यास घटनेनंतर पहिल्या चिकित्सकाने लिहिलेला कागद हाच अनेकदा एकमेव पुरावा असतो.

आता निषेध. संशयित क्षतावर क्षारकर्म, अग्निकर्म, जलौकावचारण किंवा छेदन करू नये. तेथील धातूंची रोपणशक्ती क्षीण झालेली असते आणि लहानशी इजाही मोठ्या व्रणात परिणत होऊ शकते. सार्वदैहिक बाधेचा संशय असल्यास वमन, विरेचन, बस्ती किंवा रक्तमोक्षण यांपैकी कोणतेही शोधन करू नये. प्लेटलेट आणि श्वेतपेशी घटण्याच्या मार्गावर असताना रक्तस्राव व संसर्ग यांस ते निमंत्रण ठरेल. क्षत स्वच्छ ठेवून सैल, निर्जंतुक पट्टीने झाकावे आणि जाड लेपांनी माखू नये.

आणखी एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. बाहेरून किरण लागलेला रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. त्यास स्पर्श केल्याने कोणालाही बाधा होत नाही. वाशी येथील किरणप्रक्रिया केंद्रात २००० सालापासून मसाले आणि वनौषधी यांवर जंतुनाशासाठी गॅमा किरणांची प्रक्रिया होते. त्या चूर्णांत किरणोत्सर्ग उरत नाही, तसेच हे आहे. किरणोत्सर्गी धूळ किंवा द्रव अंगावर पडला असेल तर मात्र कपडे उतरवून पिशवीत बांधून ठेवावेत आणि त्वचा साबण व कोमट पाण्याने धुवावी. आघात झालेल्या माणसास वाळीत टाकल्यासारखी वागणूक मिळू नये, याची दक्षता गावात वैद्यानेच घ्यावयाची आहे.

आपल्या औषधांविषयी

किरणोत्सर्ग आणि आयुर्वेद हा विषय निघाला, की अनेक वनस्पती आणि रसायनकल्पांची नावे पुढे येतात. मणिपाल येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांचा अर्क आणि त्यातील ओरिएंटिन व व्हायसेनिन ही द्रव्ये यांवर महत्त्वाचे संशोधन झाले. किरण देण्यापूर्वी ही द्रव्ये दिलेल्या उंदरांत किरणांची हानी कमी झाल्याचे त्यात आढळले. आपणा सर्वांना हे निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु हे प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि द्रव्य किरणांच्या आधी दिलेले आहे. बाधा झालेल्या मनुष्यास नंतर दिलेल्या कोणत्याही काढ्याने किंवा रसायनाने ती हानी परतवल्याचे सिद्ध झालेले नाही. ‘हे चूर्ण घ्या, किरणांची भीती नाही’ असे आश्वासन कामगारास कधीही देऊ नये. अशा आश्वासनावर विसंबून तो दोरीच्या आत गेला, तर दोष आपल्याकडे येईल. बलवर्धन, अग्निरक्षण आणि व्रणरोपण या बाबतींत आपले शास्त्र तज्ज्ञांच्या चिकित्सेसोबत साहाय्य करू शकते. तिची जागा घेण्याचा आग्रह धरू नये.

निदानपरिवर्जन

प्रतिबंधाची सूत्रे तीनच आहेत : स्रोताजवळचा काळ कमी करणे, अंतर वाढवणे आणि मध्ये शिसे, पोलाद किंवा काँक्रीट यांचे आवरण ठेवणे. रेडिओग्राफी करणाऱ्याने प्रत्येक छायाचित्रानंतर मापकाने तपासून स्रोत पेटीत परत आल्याची खात्री केली पाहिजे. यानांगोसारख्या घटना घडतात त्या हे एक पाऊल गाळल्यामुळे. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्या प्रत्येकास टीएलडी बिल्ला आणि त्यावरील मात्रेचा अहवाल मिळाला पाहिजे. बिल्ला कपाटात ठेवून काम करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. गर्भवती कर्मचाऱ्याने गर्भधारणा कळताच संस्थेस कळवावे. त्यानंतर उर्वरित काळात गर्भास मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राखणे बंधनकारक आहे.

सामान्य कामगारास सांगण्यासारख्या गोष्टी याहून सोप्या आहेत. दोरीच्या आत जाऊ नये. अनोळखी जड डबा फोडू नये. चकचकीत कांडी सापडली, तर ती उचलू नये, तेथून निदान ३० मीटर दूर व्हावे, इतरांस दूर ठेवावे आणि वरिष्ठांस व पोलिसांस कळवावे. तीन पात्यांच्या पिवळ्या चिन्हाचा अर्थ सामान्य माणसास कळत नाही, हे ओळखून २००७ मध्ये लाल पार्श्वभूमीवर किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारे नवे आंतरराष्ट्रीय चिन्ह स्वीकारण्यात आले. ही दोन्ही चिन्हे आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात लावण्यास काहीच खर्च येत नाही. ज्यांच्या रुग्णालयात एक्स-रे यंत्र आहे, त्यांनी नियामक मंडळाचा परवाना, शिशाचे एप्रन आणि कर्मचाऱ्यांचे बिल्ले या बाबी प्रथम स्वतःच्या घरी तपासाव्यात. दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार त्यातूनच येतो.

गडब, वडखळ, नागोठणे, रोहे या पट्ट्यात, तसेच राज्यातील अन्य औद्योगिक भागांत आपले शेकडो वैद्य बंधुभगिनी कार्यरत आहेत. मोठी यंत्रे, मापके किंवा प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नाहीत. परंतु रुग्णाचा विश्वास आणि त्याच्याशी बोलण्यासाठी लागणारा वेळ त्यांच्यापाशी निश्चित आहे. या व्याधीत पहिले निदान प्रश्नानेच होते, आणि तो प्रश्न विचारण्याची पहिली संधी बहुधा आपल्यालाच मिळते. आपापल्या तालुका शाखांनी येत्या मासिक सभेत या विषयावर एक तास राखून ठेवावा, जवळच्या कारखान्यातील किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यास निमंत्रित करावे आणि वरील सहा प्रश्न प्रत्येक दवाखान्याच्या मेजावर पोहोचतील असे पाहावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.